इंग्रजीची उत्तरपत्रिका : मांडणी आणि पुनर्वाचन

होळकरांच्या राज्यात इंग्रजी शिक्षणाची पहिली नियमित सोय झाली ती 1840 च्या दशकाच्या आरंभी. सर क्लॉड वेड हे तेव्हा इंदूरचे रेसिडेंट होते. त्यांच्या आग्रहावरून हरिराव होळकरांनी शाळेसाठी इमारत नेमून दिली आणि शहरातून जाणाऱ्या अफूच्या प्रत्येक पेटीवर अल्पशी पट्टी बसवून शाळेच्या खर्चाची तजवीज केली. इंग्रजी, फारसी, हिंदी आणि मराठी अशा चार शाखा त्या शाळेत होत्या. त्यापूर्वीच्या जुन्या परंपरेतील अध्ययनात विद्यार्थ्याची कसोटी बहुधा तोंडी, समोरासमोर आणि तत्काळ होत असे. शिष्य अडखळला तर गुरू त्यास सावरून घेई, संदिग्ध बोलला तर खुलासा मागे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून, स्वरावरून, क्वचित त्याच्या मौनावरूनही त्यास किती कळले आहे याचा अदमास बांधी.

लेखी परीक्षेने हा सगळा आधार काढून घेतला. 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि हजारो विद्यार्थ्यांची एकाच प्रश्नपत्रिकेवर, एकाच वेळी परीक्षा घेण्याचा प्रघात या देशात रुजला. 1891 साली इंदुरात होळकर कॉलेज निघाले; ते प्रथम कलकत्ता, मग अलाहाबाद आणि 1927 साली आग्रा विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या विद्यापीठाशी संलग्न होत गेले. शालेय परीक्षांचीही हीच कथा आहे. 1921 साली संयुक्त प्रांतात माध्यमिक परीक्षांचे मंडळ स्थापन झाले आणि राजपुताना, मध्य भारत व ग्वाल्हेर येथील शाळा त्याच्या अधिकारक्षेत्रात आल्या. 1929 साली अजमेर, मेरवाडा, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी राजपुतान्याचे स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. आणि याच मंडळाला 1952 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ हे आजचे नाव मिळाले. मध्य प्रदेश राज्याचे स्वतःचे मंडळ भोपाळला 1965 च्या अधिनियमान्वये आले. इंदूरच्या मुलाने इंदुरात बसून लिहावे आणि त्याच्या लेखनाचा न्यायनिवाडा त्यास कधीही न पाहिलेल्या माणसाने करावा, हा शिरस्ता या शहरात शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. आज मोती तबेल्याच्या मालव कन्या विद्यालयात राज्य मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासल्या जातात, तेव्हाही तेथील शिक्षकांपुढे जो गठ्ठा येतो तो त्यांच्या वर्गातील मुलांचा नसतो.

हा पूर्वेतिहास येथे मुद्दाम सांगितला, कारण इंग्रजीच्या परीक्षेविषयी बोलताना आपण शब्दसंपत्ती, व्याकरण आणि पाठांतर यांचाच विचार करतो आणि ज्या एका गोष्टीमुळे लेखी परीक्षा तोंडी परीक्षेहून सर्वस्वी निराळी होते ती गोष्ट, म्हणजे लिहिणाऱ्याची अनुपस्थिती, नजरेआड करतो. परीक्षकाच्या मेजावर विद्यार्थी नसतो. त्याची वही असते. 'मला असे म्हणायचे होते' असे सांगायला तेथे कोणी नाही. विद्यार्थ्यास जे जे म्हणायचे आहे ते कागदावर, योग्य जागी, वाचता येईल अशा अक्षरात आणि दुसरा अर्थ निघणार नाही अशा वाक्यात असले तरच ते आहे; नाही तर ते ज्ञान त्याच्या डोक्यात कितीही सुस्थित असो, परीक्षेपुरते ते अस्तित्वातच नाही. उत्तराची मांडणी आणि लिहून झाल्यावरचे पुनर्वाचन यांना अनेक पालक वरवरची टापटीप समजतात. माझ्या मते तो उत्तराचाच भाग आहे, आणि मध्यम तयारीच्या विद्यार्थ्यास तर तोच सर्वांत लवकर साध्य होणारा भाग आहे.

परीक्षकाच्या बाजूने पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. केंद्रीय मंडळाच्या परीक्षकांसाठी ज्या सूचना छापल्या जातात त्यांत मुख्य विषयांच्या 20 उत्तरपत्रिका दिवसाच्या 8 तासांत तपासाव्यात असे सांगितलेले असते. भागाकार केला तर एका वहीस 24 मिनिटे मिळतात. त्यांतच प्रत्येक उपप्रश्नाचे गुण समासात मांडणे, त्यांची बेरीज करणे आणि ती मुखपृष्ठावर उतरवणे हेही आले. जी वही लिहिण्यास तीन तास लागले ती अर्ध्या तासाहून कमी वेळात वाचली जाते. यात परीक्षकाचा दोष नाही. पण अशा वाचनात उत्तर कोठे आहे हे शोधत बसण्यास अवकाश नाही, एवढे मात्र विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे. त्याच सूचनांत विद्यार्थ्याच्या हिताचीही कलमे आहेत. एकच चूक पुढे पुढे उमटत गेली तर तिच्यासाठी गुण एकदाच कापावेत; नमुना उत्तरात नसलेले पण बरोबर असलेले स्वतंत्र उत्तर असेल तर त्यास रास्त गुण द्यावेत; चुकून जास्त प्रश्न सोडवले असतील तर ज्या उत्तरास अधिक गुण पडतील ते ग्राह्य धरावे; आणि गुणांची संपूर्ण श्रेणी, म्हणजे पूर्ण गुण देणे योग्य असेल तेथे पूर्ण गुण, मोकळ्या मनाने वापरावी. परीक्षक गुण कापण्यासाठी टपलेला असतो हा समज मुलांच्या मनातून जितक्या लवकर जाईल तितके बरे. तो उत्तरातले मुद्दे शोधत असतो, आणि मुद्दा सापडला की त्याच्या पुढे खूण करून मोकळा होतो. मुद्दा सापडावा अशी व्यवस्था करणे हे लिहिणाऱ्याचे काम.

भाषेच्या परीक्षेत या व्यवस्थेचे महत्त्व गणिताहून अधिक का, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात मिळते. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघा संशोधकांनी शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून त्या अनेक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांकडे तपासण्यास पाठवल्या. 142 शिक्षकांनी तपासून परत केल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी 64 गुण दिले होते, कोणी 98. दुसरीच्या बाबतीत तर अंतर याहूनही मोठे निघाले. पुढे 1935 साली इंग्लंडात हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका घेतल्या, ज्यांना मूळ परीक्षेत एकसारखेच गुण मिळाले होते, आणि त्या 15 परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या; तेव्हा चाळिसाहून अधिक निरनिराळे गुणांक पुढे आले. त्यांतील 14 परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या, तेव्हा 210 निर्णयांपैकी 92 निर्णय त्यांनी स्वतःच फिरवले होते. आजच्या मंडळांनी नमुना उत्तरे, मुद्देवार गुणविभागणी आणि वरिष्ठ परीक्षकांची देखरेख यांच्या योगे ही तफावत पुष्कळ आवरली आहे. तरी निबंध, पत्र, दीर्घ उत्तर यांत वाचणाऱ्याच्या अभिप्रायास काही जागा उरतेच, आणि ती जितकी उरते तितकी ती सुवाच्य, सुसंगत, नेमक्या लेखनाच्या बाजूने झुकावी, एवढे विद्यार्थ्याच्या हाती असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. केंद्रीय मंडळाची दहावीची इंग्रजीची लेखी परीक्षा सध्या 80 गुणांची आणि तीन तासांची असते : वाचनाचे 20 गुण, व्याकरण व लेखन मिळून 20, आणि साहित्याचे 40. प्रत्येक गुणास दोन मिनिटे दिली तर 160 मिनिटे होतात व 20 मिनिटे हाती राहतात. हा हिशेब विद्यार्थ्याने पाठच करून ठेवावा, कारण पाच गुणांच्या पत्रावर पंचवीस मिनिटे खर्चून शेवटी सहा गुणांचे दीर्घ उत्तर चार ओळींत आटोपणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात सापडतात, आणि त्यांचे नुकसान इंग्रजी न आल्यामुळे झालेले नसून वेळेचा ताळेबंद न मांडल्यामुळे झालेले असते. आरंभी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी जी 15 मिनिटे स्वतंत्र मिळतात, त्यांत विकल्प असलेल्या प्रश्नांपैकी कोणता सोडवायचा हे ठरवून टाकावे आणि एकदा ठरवल्यावर तो निर्णय फिरवू नये. अर्धे लिहून खोडलेले उत्तर वेळही नेते आणि धीरही.

पत्रलेखनाच्या बाबतीत मराठी घरातील मुलास खरे तर परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या दप्तरांतील कोणताही कागद काढून पाहावा : वर श्रीकार, मग ज्यास पत्र जाते त्याच्या योग्यतेनुसार मायना, मग मजकूर, मग मिती, आणि शेवटी लेखनसीमेची किंवा मोर्तबाची मुद्रा, जिच्या पुढे कोणी परस्पर शब्द वाढवू शकत नसे. कागद हाती येताच कोणी, कोणास, केव्हा आणि कशासाठी लिहिले हे कारकुनास मजकूर न वाचता कळावे, एवढ्यासाठी तो सारा जाबता होता. इंग्रजी औपचारिक पत्राचा आराखडा याच गरजेतून आलेला आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता, दिनांक, ज्यास लिहायचे त्याचा हुद्दा व पत्ता, एका ओळीचा विषय, संबोधन, मजकूर, समारोपाचा शब्द आणि स्वाक्षरी, हे त्याचे अवयव. हल्ली सर्व मजकूर डाव्या समासाला लावून लिहिण्याची पद्धत रूढ आहे. जुन्या पद्धतीने पत्ता उजवीकडे लिहिला म्हणून आकाश कोसळत नाही, परंतु एकाच पत्रात दोन्ही पद्धतींची सरमिसळ मात्र करू नये. प्रश्नात जे नाव व पत्ता दिलेला असेल तोच वापरावा, स्वतःचे खरे नाव घालू नये. पाच गुणांच्या पत्रात आराखड्याचा वाटा सहसा एकाच गुणाचा, पण तो असा गुण आहे की ज्यासाठी प्रतिभा लागत नाही, आणि तो गमावणाऱ्याची मला नेहमी हळहळ वाटते. मजकुरात तीन परिच्छेद पुरेत : पत्र कशासाठी, परिस्थितीचा तपशील काय, आणि मागणी काय. महापालिकेस नळाच्या पाण्याविषयी तक्रार लिहिताना 'आमच्या भागात पाणी नीट येत नाही' एवढे लिहिण्यापेक्षा कोणत्या भागात, किती दिवसांपासून, कोणत्या वेळी आणि त्यामुळे कोणास त्रास होतो हे लिहिले, की तेच सामान्य इंग्रजी एकदम भरीव दिसू लागते.

साहित्याच्या उत्तरांविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण निम्मे गुण तेथे आहेत आणि गाइडांवरील भिस्तही तेथेच. परीक्षेच्या मोसमात खजुरी बाजारातील पुस्तकांच्या दुकानांवर जी गर्दी लोटते तिच्यात तयार उत्तरांची पुस्तके शोधणारे पालक पुष्कळ असतात. तयार उत्तर वाचण्यास हरकत नाही. परंतु ते पाठ करणारा विद्यार्थी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता पाठ केलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि या दोहोंत जे अंतर पडते त्याचे गुण जातात. दहावीच्या पाठ्यपुस्तकातील पहिलाच पाठ घ्या, फुएन्तेस यांची लेंचो नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट. गारपिटीने पीक गेलेला लेंचो देवाला पत्र लिहून 100 पेसो मागतो. पोस्टमास्तर आपल्या पगारातून व सहकाऱ्यांकडून जमवून 70 पेसो पाठवतो. आणि लेंचो पोस्टातल्या लोकांवरच संतापतो. तो का संतापला, असा चाळीस-पन्नास शब्दांचा प्रश्न आला असे समजा. पाठांतर केलेला विद्यार्थी दरीतील एकुलत्या घरापासून आरंभ करतो, पाऊस, गारा आणि उद्ध्वस्त शेत यांचे वर्णन करतो, आणि मूळ कारणाशी पोहोचतो तेव्हा त्याचे पन्नास शब्द संपलेले असतात. याउलट ज्याला प्रश्न समजला तो पहिल्याच वाक्यात लिहितो की लेंचोला मागितलेल्या 100 पेसोंऐवजी 70 मिळाले, आणि देव चूक करणार नाही अशी त्याची अढळ श्रद्धा असल्यामुळे उरलेले पैसे पोस्टातल्या लोकांनीच काढून घेतले असा त्याने तर्क केला. दुसऱ्या वाक्यात तो सांगतो की ज्यांना त्याने चोर ठरवले त्यांनीच ती रक्कम जमवली होती. उत्तर संपले. परीक्षकास मुद्दे पहिल्या तीन ओळींत मिळाले, आणि विद्यार्थ्याजवळ दोन मिनिटे शिल्लक राहिली. प्रश्नाचे थेट उत्तर पहिल्या वाक्यात, त्याचा पाठातील पुरावा दुसऱ्यात, आणि आवश्यक असेल तरच त्यावरील भाष्य तिसऱ्यात, हा क्रम लहान उत्तरांना सर्वत्र लागू पडतो. सहा गुणांच्या दीर्घ उत्तरात हीच चौकट परिच्छेदांत विस्तारते. तेथे प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य इतके स्वयंपूर्ण असावे की केवळ ती पहिली वाक्ये वाचूनही उत्तराचा सांगाडा कळावा.

उताऱ्यावरील प्रश्नांत उताऱ्यातले अख्खे वाक्य उतरवून काढण्याचा मोह टाळावा. अनेकदा त्या वाक्यात उत्तराबरोबर नको असलेली एक-दोन विधानेही येतात आणि विद्यार्थ्यास अर्थ कळला की नाही हे कळेनासे होते. प्रश्नांचे क्रमांक प्रश्नपत्रिकेत जसे छापले असतील तसेच घालावेत आणि एका प्रश्नाचे सर्व उपप्रश्न एकत्र लिहावेत. न सुचलेल्या उपप्रश्नापुरती जागा मोकळी सोडून पुढे जाणे चालेल, पण त्याचे उत्तर आठ पानांनंतर कोपऱ्यात लिहिणे म्हणजे ते तपासायचे राहून जाण्याची सोय करणे होय. परीक्षकांच्या नेहमीच्या चुकांची जी यादी मंडळ स्वतः छापते तिच्यात उत्तर किंवा त्याचा भाग न तपासता राहणे ही चूक नमूद आहेच.

अक्षराविषयी एक निरीक्षण. देवनागरीत शब्दाची अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात, त्यामुळे दोन शब्दांमधील अंतर कमी पडले तरी शब्द ओळखता येतो; इंग्रजीत ते काम केवळ मोकळ्या जागेला करावे लागते. मराठी-हिंदी लिहिण्यात हात मुरलेल्या मुलांची इंग्रजी ओळ पुष्कळदा दाट होते आणि अक्षर वळणदार असूनही वाचण्यास त्रास पडतो. अशा मुलाने अक्षर बदलण्याच्या खटपटीस लागू नये. शब्दांमध्ये एका अक्षराएवढी जागा सोडण्याची सवय करावी, महिनाभरात पान उजळते. खोडायचे असेल तर एकच सरळ रेघ मारावी आणि नवा शब्द शेजारी किंवा वर स्वच्छ लिहावा. जुन्या अक्षरावर नवे अक्षर गिरवल्याने दोन्ही अक्षरे नाहीशी होतात आणि संशयाचा फायदा मिळेलच असे सांगता येत नाही.

आणि आता पुनर्वाचन, ज्याकरिता हे सारे प्रकरण लिहावेसे वाटले. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत 'एकदा नजर टाक' असे आपण मुलांना सांगतो, परंतु नजर टाकणे आणि तपासणे या भिन्न क्रिया आहेत. स्वतःचे लेखन वाचताना मन कागदावरचे वाचत नाही. जे लिहायचे होते तेच वाचते, आणि गळलेला शब्द आपल्या पदरचा घालून पुढे सरकते. म्हणून सर्व चुका एकाच वेळी शोधण्याचा प्रयत्न बहुधा निष्फळ होतो. एका फेरीत एकाच जातीची चूक शोधावी. पहिली फेरी भाषेची नसून हजेरीची असावी : अनुक्रमांक, प्रश्नांचे क्रमांक, कोणता उपप्रश्न राहिला, पुरवणी घेतली असल्यास ती जोडली की नाही, विकल्पापैकी एकच लिहिला की दोन. ही फेरी दोन-तीन मिनिटांची असते आणि एखाद्या वेळी तीच सर्वांत अधिक गुण वाचवते.

त्यानंतरच्या फेऱ्या भाषेच्या, आणि येथे मराठी विद्यार्थ्याने आपल्या मातृभाषेची साक्ष काढावी, कारण त्याच्या कित्येक चुका अज्ञानातून नव्हे तर मराठीच्या शिस्तीतून आलेल्या असतात. मराठीत नामापूर्वी येणारे 'ए', 'ऍन' आणि 'द' यांसारखे उपपदच नाही. तेव्हा तपासताना प्रत्येक मोजता येणाऱ्या एकवचनी नामापाशी क्षणभर थांबावे आणि त्याच्या आधी काय आहे ते पाहावे. मराठी वस्तूंनाही लिंग देते, म्हणून खुर्चीचा उल्लेख 'शी' असा आणि पंख्याचा 'ही' असा होऊन जातो. मराठी वडिलांसाठी आदरार्थी बहुवचन वापरते, म्हणून 'फादर' या एकवचनी शब्दामागे 'आर' किंवा 'वेअर' हे बहुवचनी क्रियापद अभावितपणे येते. ही चूक करणारा मुलगा सुसंस्कृत असतो, पण इंग्रजी त्याची दखल घेत नाही. मराठीत 'की' च्या पुढे दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे, 'मी' सकट, ठेवता येते; इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलावे लागतात, आणि हे बदलले नाही तर कोण कोणाविषयी बोलत आहे याचाच उलगडा होत नाही. भूतकाळी प्रश्नात किंवा नकारात 'डिड' आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात असले पाहिजे, हा नियम सर्वांस ठाऊक असतो आणि घाईत सर्वांकडून मोडला जातो. म्हणून 'डिड' दिसले की त्याच्या पुढचा क्रियावाचक शब्द बोटाने गाठावा. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा. मध्ये लांबलचक शब्दसमूह आला की कर्ता दूर पडतो आणि क्रियापद जवळच्या नामाशी जुळवले जाते, हे तर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याकडूनही घडते.

लिपीतून येणाऱ्या चुकांची फेरी स्वतंत्र ठेवावी. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद नाही, म्हणून वाक्यारंभ, व्यक्तींची व गावांची नावे, वार, महिने आणि 'मी' या अर्थाचे 'आय' यांसाठी मोठे अक्षर मुद्दाम तपासावे लागते. इंदूरच्या मुलास आणखी एक विशेष अडचण आहे : तो हिंदीत वाक्य दंडाने संपवतो, मराठीत टिंबाने, आणि इंग्रजीच्या वहीत घाईच्या वेळी दंड उतरलेला दिसतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही दोन्ही अक्षरे आपल्या कानास 'व' च वाटतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल कानाने सापडत नाही, ती डोळ्यानेच शोधावी लागते. केवळ वर्णलेखन तपासायचे असेल तर परिच्छेद शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे, उलट वाचावा. अर्थाचा ओघ तुटला म्हणजे मन पुढे धावत नाही आणि शब्द सुटा दिसू लागतो. मुद्रणालयांतील जुने मुद्रितशोधकही या युक्तीचा आश्रय करीत.

तपासताना उत्तर बदलावे की नाही, हा प्रश्न विकल्पात्मक प्रश्नांच्या बाबतीत वारंवार विचारला जातो, आणि पहिले सुचलेले उत्तरच खरे, त्यास हात लावू नये, असा सल्ला घरोघरी दिला जातो. हा सल्ला पुराव्यास धरून नाही. 2005 साली क्रूगर, विर्ट्झ आणि मिलर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इलिनॉय विद्यापीठातील 1561 उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड तपासली गेली. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीकडून बरोबरकडे गेली होती, 25 टक्के बरोबरकडून चुकीकडे, आणि उरलेली एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. बरोबर उत्तर खोडून गमावलेला गुण मनास अधिक डाचतो आणि तेवढाच लक्षात राहतो, म्हणून हा समज टिकून आहे. अर्थात निव्वळ भीतीपोटी बदलू नये. नियम आठवला, उताऱ्यातील ओळ सापडली, प्रश्नातील नकारार्थी शब्द आधी नजरेतून सुटला होता असे दिसले, तर निःशंक बदलावे.

हे सारे परीक्षागृहात प्रथमच करू म्हटले तर साधणार नाही. त्याची पूर्वतयारी अर्धवार्षिक परीक्षेच्या तपासून परत आलेल्या वहीपासून सुरू होते, जी बहुतेक घरांत गुण पाहून कपाटात टाकली जाते. ती वही उघडून लाल शाईने दाखवलेली प्रत्येक चूक तिच्या जातीप्रमाणे एका कागदावर नोंदावी. बहुतेक मुलांच्या बाबतीत असे आढळते की पंचवीस-तीस चुका दिसत असल्या तरी त्यांच्या जाती चार किंवा पाचच आहेत. त्या चार-पाच जातींची यादी हीच त्या मुलाची तपासणीची यादी; दुसऱ्याची यादी त्याच्या उपयोगी पडणार नाही. पुढच्या प्रत्येक सराव-पत्रिकेत शेवटची पंधरा मिनिटे राखून त्याच क्रमाने त्याच जाती शोधाव्यात आणि शिक्षकांनी तपासल्यावर किती सुटल्या हे पुन्हा पाहावे. पूर्वपरीक्षेपर्यंत यादीतील एक-दोन नावे गळून पडतात.

सार्वत्रिक परीक्षेची वही मात्र फार वर्षे विद्यार्थ्याच्या हाती येतच नसे. मंडळे ती गोपनीय दप्तर मानीत. 2011 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ पक्षकार असलेल्या खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीस माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये हक्क आहे असा निर्णय दिला. आज ठरलेल्या मुदतीत दरखास्त व शुल्क भरून गुणपडताळणी करून घेता येते आणि वहीची छायाप्रत मागवता येते. अपेक्षेहून कमी गुण पडले तरच अशी प्रत मागवावी असे नाही. दहावीनंतर अकरावी-बारावीतही इंग्रजी आहेच. अनोळखी परीक्षकाने आपल्या कोणत्या वाक्यापाशी थांबून समासात कोणता आकडा लिहिला, कोठे अर्धा गुण गेला आणि कोणते उत्तर आपल्याला कमकुवत वाटूनही पूर्ण गुण घेऊन गेले, हे त्या छायाप्रतीच्या समासात ओळीओळीने लिहिलेले असते, आणि विद्यार्थ्याने आपली तपासणीची यादी शेजारी ठेवून ते वाचावे.